साथ महापालिकेला कळते कधी? पुण्यापुरती पार्श्वभूमी

साथ आटोक्यात आणायला लागणारे अधिकार कायद्याने कधीच कमी दिलेले नाहीत. १८९७ चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. प्लेगच्या धामधुमीत तो झाला आणि त्याच्या जोरावर पुण्यात घरोघरी सोल्जर शिरले. पुढचे २२ जूनचे प्रकरण, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या, सर्वांना ठाऊक आहे. १९४९ च्या महापालिका कायद्यातही धोकादायक रोगाचा रुग्ण तपासणाऱ्याने तसे कळवावे, अशी तरतूद आहे. पण पुण्यात ताप आलेला माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो, महापालिकेच्या दवाखान्यात नाही. त्यामुळे साथ आधी खासगी दवाखान्यांना दिसते आणि महापालिकेला मागाहून कळते. २००४ पासून आयडीएसपीचे, म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे, एस (लक्षणे), पी (संशयित रुग्ण) आणि एल (प्रयोगशाळेत निदान) फॉर्म दर आठवड्याला भरले जाऊ लागले. सरकारी यंत्रणा ते भरत होती. खासगीकडून मिळणारी माहिती तुटपुंजीच राहिली.

या सगळ्याची खरी कसोटी लागली ती २००९ च्या ऑगस्टमध्ये. ३ तारखेला पुण्यात १४ वर्षांच्या विद्यार्थिनीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. हा देशातला पहिला बळी, आणि तो खासगी रुग्णालयात गेलेला. त्या वेळचा नियम असा होता: घशाचा नमुना नेमून दिलेल्या सरकारी केंद्रातच घ्यायचा, तपासणी सरकारी प्रयोगशाळेतच करायची आणि टॅमिफ्लू या स्वाइन फ्लूवरच्या औषधाचा साठाही सरकारच्याच ताब्यात ठेवायचा. मेडिकलमध्ये ही गोळी मिळत नव्हती.

या निर्णयावर आजही दोन मते आहेत. सरकारची बाजू पोकळ नव्हती. गोळ्या सरसकट वाटल्या गेल्या तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होण्याची भीती होती. राष्ट्रीय पातळीवरची विषाणू प्रयोगशाळा शहरातच असली, तरी रोज किती नमुने तपासता येतील यालाही मर्यादा होती. पण मृत्यूची बातमी पसरली आणि स्टेशनमागच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयापुढे रांगा लागल्या. साधी सर्दी झालेले मूल, त्याला कडेवर घेतलेली आई आणि खरोखर लागण झालेला रुग्ण तासन्‌तास एकाच रांगेत उभे. मास्क मिळेनात म्हणून लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. संसर्ग रोखायला घेतलेल्या निर्णयानेच संसर्गाला गर्दी मिळवून दिली, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगी डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सोबत घेतले असते, तर ही गर्दी शहरभर विभागली गेली असती.

त्यानंतर मात्र पावले भराभर पडली. साथरोग कायद्याचे दुसरे कलम लावून महापालिकेच्या रुग्णालयांमध्ये शहरभर तपासणी केंद्रे उघडली गेली आणि स्वाइन फ्लूचा रुग्ण कळवणे सक्तीचे झाले. शाळा, चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. सर्वांत उपयोगी ठरली ती रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी. सौम्य लक्षणे असतील तर ना तपासणी, ना गोळी, घरी थांबा. दाखल करण्याजोगा रुग्ण असेल त्याचाच नमुना. टॅमिफ्लूची दुकानातली विक्री सप्टेंबरमध्ये सुरू झाली, तीही विशेष परवाना असलेल्या दुकानांतूनच.

२०२० मध्ये हा धडा थोडाफार उपयोगी पडला. राज्यातले पहिले करोना रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले आणि त्याच महिन्यात खासगी प्रयोगशाळांना तपासणीची परवानगी मिळाली. निकाल पोर्टलवर भरण्याचे बंधन आल्याने खासगीतला रुग्ण महापालिकेला लगेच दिसू लागला.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम; यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात) रुग्ण वाढले, तेव्हा जुनी फट पुन्हा उघडी पडली. रुग्णसंख्या पुढे दोनशेवर गेली. याच परिसरातली नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. हद्द वाढली, पण नांदेडच्या विहिरीच्या पाण्यावर क्लोरीन टाकण्यापलीकडे प्रक्रिया होत नव्हती. मग घरोघर सर्वेक्षण, नळांची ओटी टेस्ट, टाक्यांत टीसीएल (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) पावडर असा नेहमीचा क्रम सुरू झाला. ओटी टेस्ट म्हणजे नळाच्या पाण्यात औषधाचे काही थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी जसेच्या तसे राहिले तर नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले; दोन्ही पोटाच्या संसर्गाचे. खुद्द जीबीएस संसर्गजन्य नाही. तो अशा संसर्गानंतर उद्भवतो.

इथेच कळवण्याच्या व्यवस्थेतली उणीव दिसते. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर पोलिओ निर्मूलनाच्या नियमाने ते ताबडतोब कळवावे लागते. त्यामुळे लहान मुलातला जीबीएस आपोआप नजरेखाली येतो. चाळिशीतल्या माणसाचे पाय लुळे पडले तर अशी वाट नव्हती. साथ लक्षात आल्यावर ती आदेशाने करावी लागली आणि खासगी रुग्णालयांकडून संशयित रुग्णांची माहिती मागवली जाऊ लागली.