'अतिआत्मविश्वास' : एक शब्द, तीन चुका

फाजील आत्मविश्वास म्हटलं की छाती पुढे काढून बोलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. संशोधनात मात्र हा स्वभावदोष नाही. खात्री आणि अचूकता यांच्यातली ती तफावत आहे. अगदी मितभाषी, विनम्र माणसातही ती सापडते.

१९६५ च्या एका अभ्यासात मानसोपचार क्षेत्रातले तज्ज्ञ आणि विद्यार्थी यांना एका तरुणाची जीवनकहाणी चार टप्प्यांत वाचायला दिली. माहिती वाढत गेली तशी त्यांची स्वतःच्या उत्तरांवरची खात्री ३३ वरून ५३ टक्क्यांवर गेली. बरोबर उत्तरं २६ वरून जेमतेम २८ टक्क्यांवर. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीत ९३ टक्के जणांनी आपलं ड्रायव्हिंग सरासरीपेक्षा सरस ठरवलं. हाच आकडा सर्वाधिक गाजला, आणि घोळही तिथूनच वाढला.

कारण या दोन्ही गोष्टींना, आणि आणखी एका तिसऱ्या गोष्टीलाही, 'अतिआत्मविश्वास' हे एकच नाव मिळालं. आपली कामगिरी आहे त्याहून चांगली वाटणं ही एक चूक, आपण इतरांपेक्षा वरचढ आहोत असं वाटणं ही दुसरी, आणि आपला अंदाज नको तेवढा नेमका मानणं ही तिसरी. २००८ मध्ये ही फोड नीट मांडली गेली, तेव्हा कळलं की पहिल्या दोन चुका अनेकदा उलट दिशांना जातात. अवघड परीक्षेत माणूस स्वतःचे गुण जास्त धरतो, पण इतरांच्या तुलनेत स्वतःला मागे समजतो. सोप्या परीक्षेत नेमकं उलट. ही फोड चाळीस वर्षं आधी व्हायला हवी होती.

मधल्या काळात, १९९१ मध्ये, एक रास्त आक्षेप आला होता : संशोधक मुद्दाम फसवे प्रश्न निवडतात. शहरांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून 'यातलं मोठं शहर कोणतं' असं विचारलं, तर अतिआत्मविश्वास जवळजवळ नाहीसा झाला. अनेकांना वाटलं, विषय संपला.

तिसरी चूक मात्र या पद्धतीनेही गेली नाही. 'खरा आकडा ज्यात सापडेल अशी, ९० टक्के खात्रीची किमान आणि कमाल मर्यादा सांगा' असं विचारलं की खरा आकडा दहातून एकदाच नव्हे, कितीतरी अधिक वेळा, अनेक अभ्यासांत तर निम्म्याच्या आसपास वेळा, बाहेर पडतो. माझ्या मते खरं संकट हेच आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

अपवाद हवामान अंदाजकांचा. अमेरिकेत १९६५ पासून पावसाची शक्यता टक्क्यांत दिली जाते, आणि पुढच्या तपासण्यांत त्यांची खात्री प्रत्यक्ष पावसाशी बरीच जुळली. त्यांना उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळतं.