बिनसुतकाचं दुःख

काजू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने विळीवर काकडी चिरायला घेतली. देठाकडची चकती कापली, चाखली, कडू नाही याची खात्री केली आणि तिचे दोन तुकडे करून विळीच्या पाटावर डाव्या हाताला ठेवले. पाच वर्षं ती हेच करत होती. विळी मांडल्याचा आवाज झाला की मागच्या पडवीतून शिट्टी सुरू व्हायची, आधी काजूची, मग बोंडूची. त्या दिवशी कोशिंबीर कालवून झाली तरी दोन्ही तुकडे तिथेच होते. एक तिने उचलून बोंडूला नेऊन दिला. दुसऱ्याकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "तेचो वाटो."

काजू आणि बोंडू हे आमचे गिनीपिग. सख्खे भाऊ, कोल्हापुरातून खोक्यात बसून वेंगुर्ल्याला आलेले. नाव गिनीपिग असलं तरी हा प्राणी गिनीतला नाही आणि डुक्कर तर नाहीच. तो उंदीर-खारींच्या गणातला, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. तिथे त्याला 'कुय' म्हणतात आणि आजही आवडीने खातात. ही माहिती मी लेकीला अजून दिलेली नाही. ती नऊ वर्षांची आहे.

शेजारच्या काकी आल्या, रडून सुजलेले लेकीचे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "गो बाय, एका उंदरासाठी इतक्यां कित्याक रडतंस?" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आमच्याकडे बैल गेला तर माणसं जेवत नाहीत, कुत्रा गेला तर हळहळतात, पण मूठभर जीवासाठी रडायचं म्हणजे जरा जास्तच. गंमत अशी, की ताटातूट झाल्यावर सस्तन प्राण्याच्या मेंदूत आणि शरीरात काय होतं, यातलं बरंचसं विज्ञान ज्या प्राण्यांकडून शिकलं त्यात हाच उंदीर अगदी पुढे आहे.

गिनीपिगची पिल्लं अजब असतात. उंदराची पिल्लं आंधळी, उघडी, मांसाच्या गोळ्यासारखी जन्मतात. गिनीपिगची आई मात्र दोन महिन्यांहून अधिक काळ पिल्लं पोटात वाढवते, त्यामुळे ती अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊनच येतात. काही तासांत पळू लागतात, पहिल्या एक-दोन दिवसांत पाला कुरतडून बघतात. म्हणजे पोटाच्या दृष्टीने ती लवकरच बरीच स्वतंत्र होतात. तरीही आईपासून दूर केलं की सलग शिट्ट्या घालतात. ही ओढ नुसती दुधाची नाही.

१९७८ साली अमेरिकेत बार्बरा हर्मन आणि याक पँकसेप यांनी अशा एकट्या पाडलेल्या पिल्लांना मॉर्फिनचा छोटा डोस दिला. शिट्ट्या कमी झाल्या. मॉर्फिनचा परिणाम रोखणारं नालोक्सोन दिलं, तेव्हा त्या वाढल्या. मॉर्फिन हे वेदनाशामक. शरीर स्वतःही तशीच रसायनं बनवतं आणि ती मेंदूतल्या त्याच जागांवर काम करतात. प्रयोगाचा रोख असा होता, की आपलं माणूस जवळ असण्याचा दिलासा आणि ते नसण्याची तगमग या दोन्हींचं नातं वेदना शमवणाऱ्या यंत्रणेशी असावं. पुढे पँकसेपने मेंदूच्या ठरावीक भागांना सौम्य वीज देऊन त्याच शिट्ट्या पिंजऱ्यात कोणी नसताना, काही घडलेलं नसतानाही काढून दाखवल्या. 'जीव तुटतो' असं आपण उगाच म्हणत नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

विळीच्या आवाजाला काजू जी शिट्टी घालायचा, ती पिल्लाने आईला घातलेल्या सादेशी खूप मिळतीजुळती असते. पाळलेले गिनीपिग ती माणसासाठी, खाणं येणार याच्या चाहुलीला वापरतात. आम्ही पाच वर्षं समजत होतो, की तो काकडी मागतोय. मागतच होता म्हणा.

शिट्ट्या घालून दमल्यावर काय होतं हे मायकेल हेनेसी या शास्त्रज्ञाने पाहिलं. एकटं पडलेलं पिल्लू तासाभरानंतर हळूहळू गप्प होतं, अंग चोरून बसतं, डोळे मिटतं, अंगावरचे केस फुलवतं. ताप आलेलं जनावर असंच बसतं. जंतूंच्या आवरणातला एक पदार्थ टोचला, तेव्हा पिल्लं अशीच बसू लागली. उलट सूज कमी करणारी औषधं एकट्या पिल्लांना दिली, तेव्हा हे अंग चोरून बसणं घटलं. म्हणजे ताटातुटीत शरीर आजारपणातली यंत्रणा वापरायला काढतं. कोणी गेल्यावर आपल्याला अंग मोडून आल्यासारखं होतं, जेवण जात नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं. पिल्लावरून थेट माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण त्या आठवड्यात पडवीच्या कोपऱ्यात केस फुलवून बसलेला बोंडू आणि उशीत तोंड खुपसून पडलेली लेक मी एकाच वेळी बघत होतो.

घरात सगळ्यांना खात होता तो अपराधीपणा. मे महिन्याची दुपार, घामाने अंगाला कपडा चिकटत होता. गिनीपिगला आपल्यासारखा घाम येत नाही. पारा २७-२८ अंशांच्या वर गेला की त्याला उकाडा बाधू लागतो आणि आपल्या दमट हवेत तर जास्तच. म्हणून काजू मलूल दिसला तेव्हा आम्ही म्हटलं, उकडतंय बिचाऱ्याला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवली. त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे संध्याकाळी लक्षात आलं, कारण वाटी एकच होती आणि बोंडू ती रिकामी करत होता. गिनीपिगच्या आतड्याला सतत चारा लागतो. अर्धा-एक दिवस तोंड मिटलं की आतडं थंडावतं, वायू धरतो आणि मग फार वेळ हातात उरत नाही. रात्री गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते सकाळी येतो म्हणाले. काजू पहाटे गेला.

"मला आधी कसं नाही कळलं?" हे लेक दहा वेळा तरी म्हणाली. याला जीवशास्त्राचं उत्तर आहे. जो प्राणी इतरांचा घास असतो, तो आजार लपवतो. ससाणा आणि कोल्हा कळपातलं लंगडं, मंद जनावर आधी टिपतात, म्हणून अगदी गळून जाईपर्यंत धडधाकट दिसत राहणं हाच जगण्याचा मार्ग. जांभ्याच्या घरात, पंख्याखाली, काकडी खात पाच वर्षं काढली तरी ती सवय जात नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं असतं तर कदाचित लवकर कळलं असतं. आता बोंडूचं करतो. पाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगूनच टाकतो: माणसाचं अमॉक्सिसिलिन घरच्या घरी पाजू नका. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि तो दगावू शकतो.

बोंडूचं काय करायचं हा प्रश्न होताच. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साखसर यांच्या गटाने गिनीपिगच्या नराला अनोळखी जागी एकटं ठेवून रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजलं, तेव्हा ते झपाट्याने चढलं. सोबत त्याची नेहमीची जोडीदारीण असली की बरंच कमी चढलं. दुसरी कोणतीही मादी ठेवून तो फरक पडत नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे. पण 'नवीन आणा म्हणजे विसरेल' हा सल्ला बोंडूला आणि लेकीला एकाच दमात दिला जात होता, आणि तो दोघांनाही लगेच लागू पडेल असं मला वाटत नाही.

माणूस गेलं की आपल्याकडे सुतक असतं. दहा दिवस घर थांबतं, लोक भेटायला येतात, कोणी पिठलं-भात आणून देतं, शाळेत चिठ्ठी देता येते. त्या रीती पटोत न पटोत, दुःखाला त्यात एक जागा असते. काजूसाठी यातलं काहीच नव्हतं. मे महिन्याची सुट्टी नसती तरी शाळेच्या चिठ्ठीत लिहायचं काय? केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा समाजाने न मानलेल्या शोकाला स्वतंत्र नाव देऊन त्याचा विचार मांडला. ते इंग्रजी नाव फार बोजड आहे. मी त्याला बिनसुतकाचं दुःख म्हणतो. त्यात दुप्पट त्रास असतो: एक गेल्याचा, आणि एक रडण्याची लाज वाटण्याचा. काकी निघून गेल्यावर लेक न्हाणीघरात जाऊन रडली.

परसात रातांब्याखाली, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली, खड्डा खणला. मे महिन्यातली जमीन, कुदळ नुसती टणटण वाजत होती, शेवटी पहार घ्यावी लागली. दोन फूट तरी खोल जायला हवं, नाहीतर कोल्हे-कुत्रे उकरतात. वरून जांभ्याचे दोन चिरे ठेवले. लेकीने विचारलं, "हाडं किती वर्षं राहतील?" मी सांगितलं, की आपली लाल माती आंबट असते, हाडांमधला चुना तिच्यात विरघळत जातो, त्यामुळे इतकी बारीक हाडं फार वर्षं टिकायची नाहीत. तिने थोडा विचार केला.

"मग रातांब्यात जाईल ना तो चुना?"

"थोडा जाईल."

"मग सोलकढीच्या आगळात पण येईल."

आई पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, यंदा ह्या झाडाचे रातांबे वेगळे वाळत घालूया.