“वय झालं, आता असंच चालायचं” हे खरं नाही

इंदूरला रामबागेत राहणारी माझी मावशी गेल्या पावसाळ्यापासून गप्पगप्प झाली. सकाळी पोहे करायची, पण तिची ताटली तशीच गार व्हायची. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची डबी उघडायचीसुद्धा नाही. गॅस बंद केला का, हे तीनतीनदा विचारायची. “वय झालं, आता असंच चालायचं,” असं घरात सगळेच म्हणत होतो, मीसुद्धा.

हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि तो चूक आहे. नैराश्य म्हणजे म्हातारपण नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. उतारवयात तो रडण्यापेक्षा विसरण्यातून, उडालेल्या झोपेतून, अंगदुखीतून दिसतो. मन खचलं की लक्ष लागत नाही, आणि लक्षच नसेल तर गोष्ट मेंदूत नीट नोंदली जात नाही. मग आठवणार कुठून? अशी माणसं बहुधा स्वतःच “मला काही आठवत नाही” म्हणून कासावीस होतात. स्मृतिभ्रंशात (डिमेन्शियात) पुष्कळदा हे विसरणं आधी घरच्यांच्या लक्षात येतं. अर्थात हा फरक ढोबळ आहे, दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. निदान डॉक्टरांनीच करावं. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मावशी दहाव्या दिवशीच सोडायला निघाली होती, आम्ही सोडू दिल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात तिनेच जिरावण मागितलं.

उदासी २ आठवड्यांहून जास्त टिकली तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास.