गोड बंद, भात चालू: शुगरच्या पथ्याची जुनी गोष्ट

लग्नाच्या पंगतीत एक काका असतातच, जिलबी वाढायला आली की ताटावर आडवा हात धरतात, "नको नको, शुगर आहे मला", आणि मग मसालेभात मात्र तिसऱ्यांदा घेतात. हसू नका, थोड्याफार फरकाने आपल्या सगळ्यांच्या घरात हेच चालतं. साखरेचा आजार ना, मग साखर सोडली की झालं, एवढं सरळ गणित. पण हे पथ्य मुळात असं नव्हतंच.

म्हणजे बघा, लघवीला मुंग्या लागतात हे चरकाच्या काळात माहीत होतं, मधुमेह या नावातच मध आहे. तरी चरकाने प्रमेहाची (ज्यात मधुमेहही येतो) कारणं सांगितली त्या श्लोकाची सुरुवात होते "आस्यासुखं स्वप्नसुखं" अशी, म्हणजे बसून राहायचं सुख आणि झोपायचं सुख, मग दही, मांस, दूध, नवं धान्य वगैरे, आणि गुळाचे पदार्थ पार शेवटी. आता श्लोकातला क्रम छंदासाठीही असतो मान्य आहे, पण बैठं काम करणाऱ्या माणसाने तो वाचून जरा खुर्चीतून उठावं असा आहे खरा. खायला सांगितलं ते मुख्यतः जव, जवाचं सातू, जवाचे पदार्थ. सुश्रुताचं तर अजून भारी, पैसा नसलेल्या रोग्याने अनवाणी, छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावात एका रात्रीपेक्षा जास्त न राहता शंभर योजनं चालावं, नाहीतर विहीर खणावी. योजन किती किलोमीटरचं यावर वाद आहेत, कमीत कमी धरलं तरी शेकडो किलोमीटर होतात.

अजून एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही, चरकाने रोगी दोन प्रकारचे सांगितलेत, एक जाडा आणि एक किडकिडीत, आणि किडकिडीत माणसाला उपाशी ठेवू नका, पोसा, असं स्पष्ट सांगितलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकडे युरोपात 1776 साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरने रोग्याची लघवी आटवून खाली साखर राहते हे दाखवलं, आणि मग तर काय, साखर हाच गुन्हेगार. 1797 मध्ये जॉन रोलो या डॉक्टरने धान्य जवळपास बंद करून रोग्याला मांसावर ठेवलं. 1870-71 ला पॅरिसला वेढा पडला, खायचे हाल झाले, तेव्हा बुशार्दा नावाच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं की आपल्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झालीय. मग त्याने कमी खा आणि कष्ट करा हेच औषध ठरवलं. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलनने हे इतकं ताणलं की पोरं हाडाचा सापळा होईपर्यंत उपाशी, म्हणजे शुगरने मरायचं की भुकेने एवढीच निवड. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं तेव्हा त्याचं वजन जेमतेम 29 किलो होतं. इन्सुलिनने लाखो जीव वाचवले यात वादच नाही, पण नंतर गोळ्याही आल्या आणि खाणं-चालणं हळूहळू मागच्या बाकावर गेलं, ते "साखर वर्ज्य" लिहिलेल्या डाएट चार्टच्या कागदापुरतं उरलं.

आपल्याकडे त्याच सुमारास ताट बदलत होतं. 1972 च्या दुष्काळात आलेली ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी जुन्या लोकांना अजून आठवते, पण मुक्कामाला राहिले ते रेशनचे गहू-तांदूळ. रोजची भाकरी जाऊन पोळी आली कारण पोळी म्हणजे जरा बरं घर. आता गंमत अशी की चांगली मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग आणि डॉक्टर म्हणतात भाकरी खा. (भाकरी म्हणजे जादू नाही हां, तीन हाणल्या तर पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, वाढणारच, पिठूळच आहे ते शेवटी. जोडीला पालेभाजी, उसळ नको का?)

आणि इथे तो किडकिडीत रोगी परत येतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांनी गरोदर बायका आणि बाळांचा अभ्यास केला, त्यात सरासरी 2.7 किलोची बारीक बाळंसुद्धा चरबी राखून जन्मतात असं दिसलं. म्हणून "मी कुठे जाडा आहे" हे आपल्याकडे कामाचं नाही.

चालण्याचा हिशोबही मग नीट मांडला गेला. अमेरिकेतल्या 2002 च्या अभ्यासात काठावरच्या, म्हणजे शुगर वाढलेली पण अजून मधुमेह न झालेल्या लोकांमध्ये आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका 58 टक्के कमी झाला, मेटफॉर्मिन या गोळीने 31. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात आपल्या लोकांत तो साधारण 28 टक्केच कमी झाला, तरी गोळीच्या बरोबरीने.

मग महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं "दोनदाच जेवा, 55 मिनिटांत संपवा आणि 45 मिनिटं चाला" आलं, ज्याचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानात, आणि घराघरात दोन पक्ष पडले. बरेच मधुमेहतज्ज्ञ अजून नाराज आहेत. मला स्वतःला चिंता एकाच गोष्टीची वाटते, लोक व्हिडिओ बघून नाश्ता सोडतात पण सकाळची गोळी किंवा इन्सुलिन आहे तेवढंच घेतात, मग शुगर 70 च्या खाली जाते, घाम, थरथर, चक्कर. जेवणाच्या वेळा बदलायच्या तर आधी डॉक्टरकडे जाऊन डोस बदलून घ्यायचा, आणि तोवर खिशात खडीसाखर ठेवायची.