वांगावरचे घरगुती उपाय: सहाणेवरच्या जायफळापासून मेडिकलच्या ट्यूबपर्यंत

वांग म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी डाग, ते कसे दिसतात ते कुणाला सांगायला नको. सुश्रुतसंहितेत व्यंग म्हणून ते क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ आजारांत येतं, कारण दिलंय राग आणि अतिश्रम. मधली शतकं सोडून देऊ, कारण ठाणे-नवी मुंबईत आज घरोघर जे चाललंय त्याचं मूळ गेल्या 50 वर्षांतच आहे.

घरचे उपाय म्हणजे दुधात उगाळलेलं जायफळ, मसूरडाळीचं पीठ, साय, हळद, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेली मंजिष्ठा ही औषधी मुळी. ह्याने जुनं वांग सहसा जात नाही, पण बहुतेकींचं फार बिघडायचंही नाही. लिंबू मात्र वाईटच, रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊन डाग अजून गडद होऊ शकतो, आणि मुळात ऊन हेच वांगाचं मोठं कारण, शिवाय बाळंतपण, हार्मोनच्या गोळ्या, घराण्यात असणं.

1975 साली दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत डाग फिका करणारं हायड्रोक्विनोन 5 टक्के, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड प्रत्येकी 0.1 टक्का असं डाग घालवायचं मिश्रण छापून आलं, आणि त्याच वर्षी भारतात फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचं सगळ्यांना माहीत असलेलं क्रीम आलं. पहिलं डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी द्यायचं, दुसरं कुणीही रोज लावायचं. आपल्याकडे पुढे ह्या दोन्हींची सरमिसळ झाली, म्हणजे स्टिरॉइडवाली ट्यूब गोरेपणाच्या क्रीमसारखी रोज लावली जाऊ लागली, शेजारणीने सांगितलं, बहिणीने आणून दिली, आणि तीही घरगुती उपायच समजली गेली.

अशी ट्यूब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्याचा दोष नेहमी मेडिकलवाल्याला देतात, पण नियम काय होता ते बघायला हवं. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच, त्यात स्टिरॉइडं होती, पण तळटीपेत कातडीवर लावायच्या औषधांना सूट होती, डोळे-कान-नाकाची वगळून. म्हणजे गोळीला चिठ्ठी लागणार आणि तेच औषध ट्यूबमधून चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळलं तर कुणी विचारायचं नाही. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ओरडत होते, शेवटी 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांच्या क्रीमांची ही सूट काढली. लहान गावात कातडीचा डॉक्टर कुठून आणायचा, हा विरोधातला मुद्दा खोटा नाहीच. पण वाशीत, नौपाड्यात स्किन क्लिनिक शोधावं लागत नाही, तरी ट्यूब काउंटरवरूनच घेतली जाते, त्यामुळे माझ्या मते सूट काढली ते योग्यच झालं आणि फार उशिरा झालं.

ह्या ट्यूबने सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, तिथेच माणूस अडकतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते, आणि बंद केली की चेहरा लाल होऊन अशी आग होते की परत तीच लावावीशी वाटते. ह्यातून कंटाळून बायका पुन्हा जायफळ-हळदीकडे वळतात आणि आता तेही झोंबतं, मग आजीचा उपायच खोटा ठरतो. खरं तर जायफळ तेच आहे, ते सोसणारी कातडी ट्यूबने पातळ करून ठेवलीय, म्हणून अशा चेहऱ्यावर काहीही चोळण्याआधी ट्यूब कशी सोडायची ते डॉक्टरला विचारावं लागतं, वांगाचं नंतर.