आंबिल ओढा (पुणे)

आंबिल ओढा हा मुठा नदीला उजव्या काठाने मिळणारा, पुणे शहराच्या दक्षिण भागातला छोटा ओढा. कात्रजच्या डोंगरउतारावर उगम पावून तो कात्रज, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असा उत्तरेकडे येतो. पर्वतीचा पायथा आणि दांडेकर पूल ओलांडून वैकुंठ स्मशानभूमीजवळ मुठेत उतरतो. लांबी जेमतेम दहा किलोमीटरच्या आसपास. एरवी यात सांडपाणीच जास्त वाहते. मात्र पाणलोट आखूड आणि उताराचा असल्याने डोंगरावर मोठी सर झाली की थोड्याच वेळात खाली लोंढा येतो.

आजचा मार्ग हा ओढ्याचा मूळ मार्ग नव्हे. पूर्वी तो पर्वतीच्या पूर्वेकडून, आज सारसबाग आहे त्या सखल भागातून थेट शहराकडे येई आणि कसब्याच्या पश्चिमेने मुठेला मिळे. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा आणि उत्तरेला नदी, असे जुन्या पुण्याचे तीन बाजूंचे काठ होते. तांबडी जोगेश्वरीचे देऊळ तेव्हा याच ओढ्याच्या काठी, वस्तीच्या कडेला होते. पुराचे पाणी गावात शिरू नये म्हणून शिवकाळात दादोजी कोंडदेवांनी पर्वतीजवळ बांध घातल्याचे सांगितले जाते.

ओढ्याला खरे वळण दिले ते नानासाहेब पेशव्यांनी, अठराव्या शतकाच्या मध्यास. प्रवाह पश्चिमेकडे फिरवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधण्यात आले. शहरातले जुने पात्र मोकळे झाले आणि पश्चिमेकडच्या पेठांना पसरायला जागा मिळाली. तळ्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात सिद्धिविनायकाची स्थापना झाली. तळे पुढे आटले आणि विसाव्या शतकात तिथे सारसबाग झाली, तरी जुने पुणेकर या देवाला आजही तळ्यातला गणपती म्हणतात.

याच ओढ्याने पेशवाईतल्या पुण्याला पाणीही पाजले. १७५० च्या सुमारास कात्रजला त्याचे पाणी अडवून जमिनीखालून बांधीव नळ शनिवारवाड्यापर्यंत आणला. पंपाचा प्रश्नच नव्हता, उतारावरच सगळी भिस्त होती. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून नळातली हवा सुटे आणि आत उतरून गाळही काढता येई. शहरात हे पाणी काळा हौद, बदामी हौद यांसारख्या हौदांत पडे. नळाचे काही भाग आणि काही हौद अजून शिल्लक आहेत. एवढ्या नेटक्या कामाची निगा आज याहून चांगली राखायला हवी.

पेशव्यांनी ओढा वळवला, पण पाण्याला थांबायला तळी दिली. स्वातंत्र्यानंतर दक्षिणेकडे शहर पसरले तेव्हा पात्र आक्रसत गेले. कुठे सोसायट्यांच्या सीमाभिंती काठाला भिडल्या, कुठे भराव पडले, कुठे रस्त्याखालच्या अरुंद मोऱ्यांतून प्रवाह न्यावा लागला. घर परवडत नाही अशा कष्टकऱ्यांनी दांडेकर पुलाच्या आसपास काठावरच झोपड्या उभारल्या. तिथे धोका फक्त ओढ्याचा नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जवळच मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि त्याच परिसरातल्या घरांत पाणी शिरले.

वर्षभराने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, दक्षिण पुण्यात थोड्या तासांत प्रचंड पाऊस झाला आणि ओढा पात्र सोडून वस्त्यांत घुसला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली, गाड्या वाहून गेल्या, गोठ्यांतली जनावरे दावणीलाच बुडाली. पुणे शहर आणि परिसरात त्या रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. पाऊस अपवादात्मक होता हे खरे, पण पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती, हेही तितकेच खरे आणि त्याची जबाबदारी पावसावर टाकता येत नाही.

त्यानंतर पात्र रुंद करणे, गाळ काढणे आणि काठाला संरक्षक भिंती बांधणे यावर भर आला. २४ जून २०२१ रोजी दांडेकर पुलाजवळच्या वसाहतीतली घरे ऐन पावसाळ्यात पाडायला सुरुवात झाली. रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली.