पन्हाळ्याचा ड्रोन-नकाशा करायचाय? परवानग्या दोन लागतात

ड्रोन भाड्याने घेतला आणि निघाले पन्हाळ्याला, असं करू नका. एक परवानगी उडवण्याची, दुसरी वास्तूची. पहिली खिशात असली तरी दुसरीवाचून गडाच्या ‘तीन दरवाजा’पाशीच तुम्हाला थांबवतील.

उपग्रहचित्रं बघायला यातली एकही लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा. इस्रोचं ‘भुवन’ हे संकेतस्थळ आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट आहेत. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. त्यात तटाची रेघ, तळी, माचीचा उतार कळतो. बुरुजाची भेग दिसत नाही. ड्रोन हवा तो भेगेसाठी.

उडवण्याचं सगळं ‘ड्रोन नियम, २०२१’मध्ये आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ऑनलाइन प्रणालीवर ड्रोनची नोंदणी करून युआयएन (ड्रोनचा ओळख क्रमांक) घ्या, शुल्क १०० रुपये. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही नाही, पण काम बिगरव्यावसायिक असेल तरच. खरी गोम इथे आहे: विद्यार्थ्याने अभ्यासासाठी स्वतः उडवला तर सूट, पैसे देऊन ऑपरेटर बोलावला की सूट संपली. त्याचं प्रमाणपत्र आधी मागून घ्या. ते काढायला वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण लागतं. नॅनो सोडून बाकीच्यांना तृतीय पक्ष विमाही (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) हवा.

सरकारी क्षेत्र-नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र मर्यादा २०० फूट. उजळाईवाडीच्या विमानतळामुळे कोल्हापूर शहरात, विशेषतः ब्रह्मपुरीच्या टेकडीसारख्या जागी, दर उड्डाणाआधी हा नकाशा बघाच. पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल, म्हणजे उड्डाणाला मनाईचं, क्षेत्र जाहीर करू शकतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत त्या बाजूला बेतच आखू नका.

आता वास्तू. पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, विशाळगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. चुकीच्या दारात गेलेला अर्ज नुसता फिरत राहतो. अर्जासोबत संस्थेचं पत्र, कामाचा हेतू, तारखा, उड्डाणाची हद्द दाखवणारा नकाशा, युआयएन, पायलट प्रमाणपत्र लागू असेल तर ते, विमा आणि ओळखपत्र जोडा. ‘सर्वेक्षण करायचे आहे’ एवढंच मोघम लिहू नका. कुठला तट, किती उंचीवरून, चित्रं कुणाकडे राहणार, हे लिहा.

गवत वाळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जुन्या बांधकामांची जोती उघडी पडतात. म्हणून अर्ज त्याआधीची दिवाळी उरकली की लगेच टाका.